लढायांची चांदीची नाणी जमवताना

सोलापूरच्या भुईकोट किल्ल्यालगत मे १८१८ मध्ये पेशव्यांची फौज आणि थॉमस मन्रोचं सैन्य यांच्यात लढाई झाली. तिचं सरकारी स्मारक नाणं कधी निघालेलं नाही. इंग्रजांनी १८५१ मध्ये ‘आर्मी ऑफ इंडिया’ नावाचं चांदीचं पदक दिलं आणि त्याच्या फितीवर लढाईच्या नावाची पट्टी बसवली. अशा एकूण २१ पट्ट्या आहेत. त्यांत असई, लासवारी, खडकी, पुणे, कोरेगाव, सीताबर्डी, महिदपूर ही नावं आहेत, सोलापूर त्यातही नाही. तेव्हा कुणी ‘सोलापूर १८१८’ असं कोरलेलं काळपट चांदीचं नाणं तुमच्या हातावर ठेवलं, तर ते अलीकडे कुठल्यातरी कारखान्यात निघालंय हे धरून चाला. गावाच्या नावाने खिशात हात जातो, हे विकणाऱ्याला चांगलं ठाऊक असतं.

या छंदात पैसे बुडतात ते बहुतेक इथेच. माणूस आधी लढाई बघतो, चित्र बघतो, डबा बघतो आणि मग भाव विचारतो. क्रम उलटा ठेवायचा. नाणं कोणी पाडलं, कशाचं पाडलं, किती पाडलं, त्यातली आज किती उरली, हे आधी. लढाई सर्वांत शेवटी.

नाणं, पदक आणि चकती

‘चांदीचं नाणं’ या एका नावाखाली तीन वेगळ्या वस्तू विकल्या जातात.

पहिलं खरं नाणं. ते सरकारच्या कायद्याने निघतं, त्यावर देशाचं नाव आणि दर्शनी किंमत असते. आपल्याकडे प्रत्येक स्मारक नाण्याची राजपत्रात अधिसूचना निघते. तिच्यात व्यास, धातूंचं प्रमाण, कडेच्या दात्यांची संख्या आणि दोन्ही बाजूंचं चित्र शब्दांत दिलेलं असतं. ही अधिसूचना उतरवून घ्या आणि नाण्याबरोबर ठेवा, पुढे तपासणीला तीच कामाला येते.

दुसरं पदक. श्रीरंगपट्टण घेतल्यावर ईस्ट इंडिया कंपनीने १८०८ मध्ये दिलेलं पदक हे यातलं नावाजलेलं. सिंहाने वाघाला खाली पाडलंय, असं चित्र. इंग्लंडमधल्या सोहो टांकसाळीत पाडलेलं ४८ मिलिमीटरचं आणि कलकत्त्यात पाडलेलं ४५ मिलिमीटरचं, असे दोन प्रकार. सोनं, चांदी, कांसं, कथील, ज्याच्या त्याच्या हुद्द्याप्रमाणे. पदकं जमवणं हा स्वतंत्र अभ्यास आहे. कडेवर कोरलेलं शिपायाचं नाव, खोट्या पट्ट्या, नंतर पाडलेल्या प्रती अशी गुंतागुंत त्यात असते. सुरुवात तिथून करू नका.

तिसरी चकती. खाजगी कारखान्यात ९९९ कसाच्या (म्हणजे हजारात ९९९ भाग शुद्ध) चांदीवर प्रतापगड किंवा हळदीघाटीचं चित्र ठोकून विकलेली. तीत वाईट काही नाही, भेट द्यायला छान. पण तिचा भाव म्हणजे चांदी अधिक घडणावळ, बस्स. ‘मर्यादित आवृत्ती’ म्हणून कोणी दुप्पट मागितले तर हात जोडा.

या तिघांखेरीज चौथी एक जात आहे, निव्वळ बनावट. १८१८ साल घातलेलं, ईस्ट इंडिया कंपनीचं म्हणून खपवलेलं राम दरबाराचं ‘एक आणा’ नाणं यात्रेत, रस्त्यावर, मोबाइलवर सगळीकडे फिरतं. कंपनीने असं नाणं कधी पाडलं नाही. त्यावर चांदीचा मुलामा असो, पितळ असो की ते ‘तांदूळ ओढून घेणारं’ असो, किंमत शून्य.

कुठल्या लढाया घ्यायच्या

जगातल्या सगळ्या लढाया जमवायला निघालात तर दोन वर्षांत दमून जाल. एक पट्टा, म्हणजे एका विषयाची मालिका, निवडा आणि त्यातली आठ-दहा नाणी नीट मिळवा.

आपल्याकडचा पट्टा लहान आहे. १८५७ च्या संग्रामाला १५० वर्षं झाली तेव्हा २००७ मध्ये १०० रुपयांचं चांदीमिश्रित नाणं निघालं. ओडिशातल्या १८१७ च्या पाइक उठावाचं २०० रुपयांचं नाणं डिसेंबर २०१८ मध्ये आलं. तात्या टोपे यांच्या द्विशताब्दीचं २०० रुपयांचं आहे, नेताजींनी पोर्ट ब्लेअरला तिरंगा फडकवल्याच्या पंच्याहत्तरीचं ७५ रुपयांचं आहे. ही शेवटची दोन थेट लढाईची नव्हेत, पण पट्ट्यात शोभतात. १९६५ च्या युद्धाच्या सुवर्णमहोत्सवाचं ५ रुपयांचं नाणं सहज मिळतं, ते चांदीचं नाही. संग्रहात जरूर ठेवा, चांदीचा भाव मात्र देऊ नका.

परदेशी नाण्यांत नवख्याला सगळ्यात सोयीचा पट्टा नेपोलियनच्या लढायांचा. लायपझिगच्या लढाईला १०० वर्षं झाली तेव्हा १९१३ मध्ये जर्मनीतल्या सॅक्सनीने ३ मार्कचं नाणं पाडलं. चित्र तिथल्या भव्य स्मारकाचं, कस ९००, वजन १६.६६७ ग्रॅम, व्यास ३३ मिलिमीटर. दहा लाखांच्या घरात पाडलं गेलं, म्हणून शंभरी उलटूनही ते परवडतं. त्याच साली त्याच मापाचं प्रशियाचं ३ मार्क आहे. एका बाजूला घोड्यावरचा राजा आणि भोवती लोक, दुसऱ्या बाजूला सापाला पकडलेला गरुड. पुढे ट्रफाल्गर (२००५) आणि वॉटर्लू (२०१५) यांची ब्रिटनची ५ पौंडांची नाणी. रशियाचे १९१२ चे १८१२ च्या युद्धाचे रुबल याच पट्ट्यात येतात, पण ते महाग आहेत आणि त्यांच्या नकलाही भरपूर. गँगुटच्या सागरी लढाईचा १९१४ चा रुबल तर कुणी ‘स्वस्तात’ दाखवला तर हातात घेण्याचीही तसदी नको. खरा अतिदुर्मीळ आहे आणि खोटे पोत्याने आहेत.

आणि सोव्हिएत रशियाचे १९८७ चे बोरोदिनोचे रुबल? दिसायला चांदीसारखे पांढरे, पण ते तांबं-निकेलचे. विकणारा खोटं बोलत नसतो, तो फक्त धातूबद्दल काहीच बोलत नाही.

अमेरिकेचे अर्धे डॉलर हा दुसरा चांगला पट्टा: लेक्सिंग्टन-काँकर्ड १९२५, बेनिंग्टन १९२७, गेटिसबर्ग १९३६, अँटिटम १९३७. चारही १२.५ ग्रॅम, ९०० कस, ३०.६ मिलिमीटर. इथे ‘किती उरली’ हा प्रश्न नीट कळतो. अँटिटमची ५०,००० नाणी पाडली, पण खपली नाहीत म्हणून ३२,००० परत वितळवली. उरली १८ हजारांच्या आसपास. गेटिसबर्गची २७ हजारांच्या जवळपास. लेक्सिंग्टनची दीड लाखाच्या वर, म्हणून चौघांत ते स्वस्त. मूळ आकडा बघून भाव ठरवणारा अँटिटममध्ये फसतो. आयर्लंडचं १९६६ चं ईस्टर उठावाचं १० शिलिंगही याच जातीचं. २० लाख पाडली आणि निम्म्याहून जास्त मुशीत गेली.

सोलापुरात बसून खरेदी

नवी भारतीय स्मारक नाणी थेट टांकसाळीकडून घ्यावीत. मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा या चार टांकसाळी भारत प्रतिभूति मुद्रण तथा मुद्रा निर्माण निगमाच्या हाताखाली आहेत. नोंदणी त्यांच्या संकेतस्थळावर ठरावीक दिवसांपुरती उघडते. पैसे आधी भरायचे आणि नाणं टपालाने येतं, कधी कधी महिन्यांनी. पावती आणि नोंदणी क्रमांक जपा. पाकीट उघडताना पत्त्याच्या चिकटपट्टीपासून नाणं हातात येईपर्यंत मोबाइलवर सलग चित्रण करा. डाग किंवा खरचटा निघाला तर तक्रारीला तोच पुरावा.

नोंदणीत दोन दर्जे असतात. ‘प्रूफ’ म्हणजे घासून आरशासारखी केलेली चकती, खास ठशांनी एकाहून जास्त वेळा ठोकलेली. मैदान (चित्रामागची सपाट जागा) काळं चकचकीत आणि चित्र दुधाळ दिसतं. ‘अनसर्क्युलेटेड’ साधं, पण न वापरलेलं. प्रूफ दिसायला देखणं, मात्र बोटाचा एक ठसा पडला तरी भाव पडतो. घरात लहान मुलं असतील आणि नाणं सारखं हाताळायचं असेल तर दुसरंच घ्या.

सालाखालची खूण पाहायला विसरू नका. मुंबईचा चौकटीसारखा हिरा (प्रूफवर एम), हैदराबादचा तारा, नोएडाचा ठिपका. कोलकात्याची खूण नसते.

जुन्यांसाठी पुण्या-मुंबईतली नाणे प्रदर्शनं आणि जुने व्यापारी बरे. सिद्धेश्वर एक्स्प्रेसने सकाळी मुंबईत उतरलात तर त्याच फेरीत फोर्टमधलं रिझर्व्ह बँकेचं नाणे संग्रहालय पाहून घ्या. हैदराबादकडे जाणं झालं तर सैफाबादच्या जुन्या टांकसाळीतलं संग्रहालय आहे. खरी नाणी डोळ्यांखालून गेल्याशिवाय खोटी ओळखू येत नाहीत.

मंगळवार पेठेतल्या सराफ बाजारात मोडीत आलेली नाणी अधूनमधून निघतात. सराफाला लढाईशी देणंघेणं नाही, तो चांदीच्या वजनाने बोलतो, आणि तोच तुमचा फायदा. पण दोन गोष्टी सांभाळा. एक, तो ‘तोळा’ म्हणतो तेव्हा १० ग्रॅम, जुन्या पुस्तकांतला तोळा ११.६६४ ग्रॅमचा. परदेशी नाण्यांच्या यादीतला ट्रॉय औंस ३१.१०३५ ग्रॅमचा. हिशेब कायम ग्रॅममध्ये करा. दुसरी जास्त महत्त्वाची: सवयीने तो नाणं कसोटीवर घासेल किंवा कडेला कानस लावून तेजाबाचा थेंब टाकेल. सराफाच्या लेखी ती तपासणी, संग्राहकाच्या लेखी ते नाणं संपलं. आधीच सांगा, “मालक, घासू नका, मशिनवर टंच काढा.” क्ष-किरणांचं यंत्र आता बऱ्याच पेढ्यांवर असतं, ते नाण्याला ओरखडाही पाडत नाही. त्याची मर्यादा एवढीच की ते फक्त वरचा पातळ थर वाचतं. जाड मुलामा दिलेलं नाणं त्याला फसवू शकतं. उलट ५०० कसाच्या खऱ्या नाण्यावरही टांकसाळीतल्या तेजाबी धुण्यामुळे वरच्या थरातलं तांबं कमी होऊन आकडा थोडा जास्त येऊ शकतो. म्हणून यंत्राच्या जोडीला वजन-माप हवंच.

परदेशातून कुरियरने मागवाल तर नाण्याच्या किमतीवर सीमाशुल्क, कर आणि कुरियरचा हाताळणी खर्च लागतो. मागवण्याआधी कुरियर कंपनीला विचारा. एकेक अर्धा डॉलर मागवण्यापेक्षा देशातल्या व्यापाऱ्याकडून थोडं महाग घेतलेलं बहुधा स्वस्त पडतं.

तपासणी

०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा, डिजिटल कॅलिपर (जबड्यांना कागदी चिकटपट्टी लावलेला), दहापट भिंग आणि एक साधं लोहचुंबक. एवढ्यावर घरी नव्वद टक्के काम होतं.

टेबलावर जाड मऊ कापड टाका, नाणं कापडापासून चार बोटांहून उंच धरू नका आणि अंगठा व तर्जनीने फक्त कडेला धरा. एप्रिल-मेमध्ये घामेजलेला हात आधी धुऊन कोरडा करा. सुती हातमोज्यांत नाणं निसटतं, स्वच्छ बोटं बरी.

आधी वजन आणि व्यास. आपल्या बहुतेक मोठ्या स्मारक नाण्यांचं माप ठरलेलं आहे: ३५ ग्रॅम, ४४ मिलिमीटर. धातू चौघांचा, चांदी ५० टक्के, तांबं ४०, निकेल ५, जस्त ५. अलीकडच्या काही वर्षांत ४० ग्रॅम आणि ९९.९ टक्के चांदीचीही निघू लागली आहेत, म्हणून त्या त्या नाण्याची अधिसूचना पाहायची. वजनात एक टक्का फरक चालवून घ्या, दोन टक्के म्हणजे शंका.

मग कड. ४४ मिलिमीटरच्या नाण्याला अधिसूचनेप्रमाणे २०० दाते असतात. सगळे मोजत बसायची गरज नाही. घेर १३८ मिलिमीटर, म्हणजे एका सेंटिमीटरमध्ये साधारण साडेचौदा दाते. कडेशेजारी पारदर्शक पट्टी धरून मोबाइलने जवळून फोटो काढा आणि फोटो मोठा करून मोजा. अकरा किंवा अठरा भरले तर पुढची तपासणी करायची गरज नाही. ओतीव नकलेत दाते बोथट असतात आणि कडेला साच्याच्या सांध्याची बारीक रेघ भिंगाखाली दिसते. अक्षरांच्या कोपऱ्यात सुईच्या टोकाएवढे खड्डे दिसले तर तेही ओतकामाचंच लक्षण. ठोकलेल्या नाण्याची अक्षरं मैदानातून ताठ उभी राहतात, ओतलेल्याची साबणाच्या वडीसारखी ढळलेली दिसतात.

लोहचुंबकाला चिकटलं तर सोडून द्या. न चिकटलं म्हणून चांदी ठरत नाही, तांबं-निकेलही चिकटत नाही. तिरक्या ठेवलेल्या नाण्यावरून जोरदार निओडिमियम चुंबक घसरवून बघण्याची युक्ती ९०० कसाच्या वरच चालते, तिथे तो रेंगाळत उतरतो. ५० टक्क्यांच्या आपल्या नाण्यांवर तो भरकन जातो. त्यावरून खरं नाणं खोटं ठरवू नका.

आता वॉटर्लूच्या ५ पौंडांचा खास सापळा. हे नाणं चांदीतही निघालं आणि तांबं-निकेलमध्येही. व्यास दोघांचा ३८.६१ मिलिमीटर, आणि वजनही दोघांचं २८.२८ ग्रॅमच! काटा आणि कॅलिपर दोन्ही ‘ठीक’ म्हणतात. चांदीचं किंचित पातळ असतं, एवढंच. त्यात चांदीच्या नाण्याचा डबा आणि प्रमाणपत्र वेगळं काढून त्यात तांबं-निकेलचं बसवायला कितीसा वेळ लागतो? घरच्या घरी इथे फक्त पाणी खरं बोलतं.

काट्यावर काचेच्या पेल्यात डिस्टिल्ड पाणी ठेवा आणि आकडा शून्य करा. नाणं बारीक दोऱ्याने बांधून पूर्ण बुडेल असं टांगून धरा, तळाला किंवा बाजूला टेकू देऊ नका. काट्यावर जो आकडा येईल तेवढे घनसेंटिमीटर नाण्याचं आकारमान. ९२५ कसाच्या वॉटर्लूला तो २.७३ च्या आसपास यायला हवा. ३.१५ च्या आसपास गेला तर ते तांबं-निकेल. आपल्या ३५ ग्रॅमच्या ५० टक्केवाल्याला ३.६७, सॅक्सनीच्या ३ मार्कला १.६२, अँटिटमच्या अर्ध्या डॉलरला १.२१.

आकडा जास्त आला तर लगेच ‘खोटं’ म्हणू नका. आधी नाण्याला चिकटलेले हवेचे बुडबुडे बघा, एक बुडबुडाही निकाल बिघडवतो. पाण्यात भांड्याच्या साबणाचा अर्धा थेंब टाकला की ते सुटतात. मे महिन्यात पाणी कोमट असल्याने पडणारा फरक अर्ध्या टक्क्याच्या आसपास, तो सोडून द्या. ही परीक्षा वापरलेल्या किंवा आधीच हाताळल्या गेलेल्या नाण्यांसाठी आहे. न हाताळलेलं प्रूफ नाणं पाण्यात बुडवाल तर डाग राहील. अशा प्रूफची खात्री विकणाऱ्याची पत, मूळ पावती किंवा दर्जा ठरवणाऱ्या कंपनीचं सीलबंद पाकीट यांवरून करायची. एनजीसी, पीसीजीएस या अशा कंपन्यांच्या पाकिटांच्याही नकला निघतात, म्हणून पाकिटावरचा क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून तिथला फोटो हातातल्या नाण्याशी ताडून पाहा. ओरखड्यासकट जुळला पाहिजे.

भाव कसा मोडून बघायचा

आधी नाण्यातली निव्वळ चांदी काढा. ३५ ग्रॅमच्या ५०० कसात १७.५ ग्रॅम, वॉटर्लूत २६.१६, ३ मार्कमध्ये १५, अर्ध्या डॉलरमध्ये ११.२५. समजा, चांदी ग्रॅमला १०० रुपये धरली (हिशेब सोपा व्हावा म्हणून, आजचा भाव घाला), तर शंभराच्या स्मारक नाण्यात १,७५० रुपयांची चांदी. विकणारा ६,००० म्हणाला तर उरलेले ४,२५० तुम्ही दुर्मिळता, दर्जा आणि डबा यांचे देताय. ते योग्य आहेत का, हे त्याच नाण्याच्या गेल्या काही महिन्यांतल्या लिलावांत प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या किमती बघून ठरवा. मागितलेल्या किमती बघून काही कळत नाही. मागायला कुणाचं काय जातं?

चांदी भडकते तेव्हा सगळ्याच नाण्यांचे भाव वर जातात आणि दुर्मीळ-साधं हा फरक पुसट होतो. अशा दिवसांत साधी नाणी घेऊ नका. चांदी पडली की साध्यांचा भाव उतरतो, अँटिटमसारख्याचा फारसा हलत नाही.

५० टक्क्यांचं नाणं ‘अडीअडचणीला सराफ घेईलच’ या हिशेबाने घेणं चूक. कमी कसाची चांदी शुद्ध करायला खर्च येतो, तो घट धरूनच भाव देईल. शिवाय २०११ च्या नाणे कायद्याने चलनी नाणं वितळवायला मनाई आहे.

सोलापूरच्या उन्हात जपणूक

चांदी काळी पडते ती मुख्यतः गंधकाने, आणि दमटपणाने ते काम वेगात होतं. कोकणापेक्षा सोलापूर कोरडं, तेवढा फायदा. इथला खरा शत्रू ऊन. पारा ४२-४३ वर गेला की पत्र्याखालच्या किंवा स्लॅबलगतच्या माळ्यावर त्याहून जास्त तापतं. तिथे पीव्हीसीच्या मऊ पाकिटांत नाणी असतील तर प्लास्टिक नरम होऊन नाण्यावर हिरवट चिकट थर येतो, आणि तो चांदी खातो. प्लास्टिकचा वास नव्या रेनकोटसारखा येत असेल तर ते पीव्हीसी. पाकिटं, अल्बमची पानं, सगळं लगेच बदला.

हवं ते कडक पारदर्शक कॅप्सूल, नाण्याच्या मापाचंच. भारतीय स्मारकांना ४४ मिलिमीटर, ब्रिटिश ५ पौंडांना ३९, मार्कला ३३, अर्ध्या डॉलरला ३१. सैल कॅप्सूलमध्ये नाणं खुळखुळून कड झिजते. स्वस्तात भागवायचं तर मायलर या पारदर्शक पातळ फिल्मच्या खिडकीची पुठ्ठ्याची चौकट चालते, पण ती बंद करणाऱ्या स्टेपलच्या टाचण्या पकडीने सपाट दाबा. उभी टाचणी शेजारच्या नाण्याला ओरबाडते.

डबा भिंतीला न लागलेल्या लोखंडी कपाटात, मधल्या खणात, स्वयंपाकघरापासून लांब. अंडी, कांदा, लसूण, हिंग या सगळ्यांत गंधक आहे. त्याच कपाटात डांबराच्या गोळ्या नकोत, रबर बँड नकोत, वर्तमानपत्रात गुंडाळणं नको. सोलापूरच्या घरात सुती कापडाचा तुटवडा कधीच नसतो, त्यामुळे नाणी चादरीच्या तुकड्यात किंवा रंगीत पंचात गुंडाळायचा मोह होतो. तो टाळा. सुती कापड रंगवायच्या रंगांत गंधकयुक्त रंगांचा एक मोठा वर्ग आहे. मखमली खोक्याचा गोंदही हळूहळू नाण्याला रंग चढवतो. टांकसाळीचा मूळ डबा विकताना लागतो, म्हणून तो ठेवा, पण नाणं त्यात कॅप्सूलसकट.

जून ते ऑक्टोबर डब्यात ५ ग्रॅमची सिलिका जेलची दोन पाकिटं पुरतात. रंग बदलणारी घ्या, म्हणजे कधी वाळवायची ते कळतं. धूळ बसली तर कॅमेऱ्याच्या हातपंपाने हवा मारा. पुसायचं नाही. आपल्याकडच्या धुळीत बारीक वाळू असते, मऊ फडकंही तिला प्रूफच्या मैदानावर कानसीसारखं फिरवतं.

लक्ष्मीपूजनाला चांदीचं नाणं पाटावर ठेवायची रीत आहे. त्यासाठी सराफाकडची साधी चकती वेगळी ठेवा. हळद-कुंकू अक्षरांच्या खाचेत बसलं की निघत नाही आणि पंचामृतातल्या दह्याने मैदान डागाळतं. घरच्यांनी आग्रह धरलाच तर कॅप्सूलमधून काढू नका, देवीला चालतं.

स्वच्छता

करू नका. चिंच, लिंबू, राख, दंतमंजन, भांडी घासायची पावडर, सोडा आणि अॅल्युमिनियमची फॉइल, सराफाचं ‘डिप’, यातलं काहीही लावलं तरी नाणं चकाकेल आणि भाव उतरेल. जाणकाराला घासलेली चांदी उजेडात तिरकी धरली की लगेच कळते. ठोकताना धातू पसरल्याने उमटलेली किरणांसारखी चमक नाणं फिरवलं की फिरते, घासलेल्या नाण्यावर ती मेलेली असते. एकसारखी आलेली निळसर-तपकिरी झाक तर काहींना हवीच असते, तिला बिघाड समजू नका.

अपवाद एकच, पीव्हीसीचा हिरवा थर. तो काढलाच पाहिजे, नाहीतर खात राहील. रसायनांच्या दुकानातलं शुद्ध अॅसिटोन आणा. नखांचं पॉलिश काढायचं नको, त्यात तेल आणि सुगंध असतो. काचेच्या वाटीत नाणं बुडेल एवढं घ्या आणि वर काच झाका. दहा मिनिटांनी नाणं काढून दुसऱ्या वाटीतल्या ताज्या अॅसिटोनमध्ये एक मिनिट बुडवा, मग कडेवर उभं ठेवून वाऱ्यावर सुकू द्या. चोळायचं नाही, कापूस लावायचा नाही. अॅसिटोन भडकन पेटतं, म्हणून गॅस आणि देवघरातला दिवा दोन्ही लांब, खिडक्या उघड्या, आणि काम सकाळी लवकर. दुपारच्या उन्हात ते इतक्या लवकर उडतं की विरघळलेला थर पुन्हा नाण्यावरच बसतो.

आधुनिक ९२५ किंवा ९९९ कसाच्या नाण्यांवर वर्षा-दोन वर्षांत पांढरे दुधाळ ठिपके उगवतात. ते टांकसाळीतच चकती धुताना राहिलेल्या अंशाचे, तुमच्या जपणुकीचा दोष नाही. ते अॅसिटोनने जात नाहीत. खरेदीच्या वेळी नाणं तिरक्या उजेडात पाहून ठिपक्यांचं सोडून द्यायचं.

नोंदवही

प्रत्येक नाण्याला एक ओळ: लढाई आणि तिचं साल, नाण्याचं साल, देश, दर्शनी किंमत, कस, तुमच्या काट्यावरचं वजन, व्यास, टांकसाळीची खूण, कुणाकडून, कधी, कितीला, डबा-प्रमाणपत्र आहे की नाही. दोन्ही बाजूंचा आणि कडेचा फोटो. चोरी झाली तर पोलिसांना ‘चांदीची नाणी गेली’ एवढं सांगून उपयोग नसतो, ओरखड्यासकट फोटो लागतो. वहीची एक प्रत घराबाहेर, बँकेच्या लॉकरमध्ये किंवा भावाकडे ठेवा.

१०० वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या कायद्याप्रमाणे पुरावशेष ठरतं आणि ते विकायला देशाबाहेर पाठवता येत नाही. १९१३ ची मार्कची नाणी या मर्यादेत आली, लेक्सिंग्टनचं १९२५ चंही आलं. अँटिटमला अजून वेळ आहे. आणि शेतात नांगर चालवताना हंडा-बिंडा लागला, तर १० रुपयांहून जास्त किमतीचा ऐवज जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो, हे १८७८ पासूनचं आहे. असा माल कुणी ‘गुपचूप’ म्हणून विकायला आणला तर भाव कितीही पाडला तरी घेऊ नका.

विकायची वेळ आली की सुट्टं नाणं सुट्टं विका, पट्टा एकत्र विका. नेपोलियनची पाच नाणी वहीसकट, पावत्यांसकट एकाच वेळी दिली तर घेणाऱ्याचं शोधण्याचं काम वाचतं, आणि त्या कामाचे तो पैसे देतो.